टीव्हीतल्या मुंग्या

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मन्या,

तू सहा महिने मागे लागला होतास, म्हणून एकदाची 'द बिग बँग थिअरी' ही अमेरिकन विनोदी मालिका बघायला घेतली. रोज जेवताना दोन भाग. एकूण 279 आहेत म्हटल्यावर बायकोने हात टेकले.

हसलो भरपूर, पण तू म्हणाला होतास तसं विश्वाच्या जन्माचं त्यात काही नाही रे! जे काय आहे ते शीर्षकगीतात. सगळं विश्व तापलेलं आणि दाटीवाटीत होतं, चौदा अब्ज वर्षांपूर्वी पसरायला लागलं, एवढं सांगून स्वारी थेट पिरॅमिडवर. मग त्यातल्या शेल्डन या भौतिकशास्त्रज्ञाची सोफ्यावरची ठरलेली जागा आणि शेजारच्या पेनीच्या दारावर तीनदा टकटक. मागच्या फळ्यावरची समीकरणं मात्र खरी असतात. डेव्हिड सॉल्टझबर्ग नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ती तपासून द्यायचे. आता मी माणसं सोडून फळाच बघतो. आणि आपला राज, एवढा खगोलशास्त्रज्ञ, पण दारू पोटात गेल्याशिवाय बायकांशी बोलू शकत नाही, हा एकच विनोद वर्षानुवर्षं! कंटाळा आला.

खरी गंमत नावात आहे. 'बिग बँग' हे नाव दिलं ते हा सिद्धांत न पटलेल्या माणसाने. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, 1949 साली, बीबीसी रेडिओवर. विश्वाला आरंभच नाही, असं त्याचं म्हणणं. खिल्ली उडवली असं लोक म्हणतात, तो म्हणायचा की श्रोत्यांना चित्र दिसावं म्हणून शब्द वापरला. काही असो, नाव चिकटलं. आणि चिकटलं तेही चुकीचं, कारण कुठे एका जागी काही फुटलंच नव्हतं, अवकाशच सगळीकडून ताणलं गेलं. आपण मराठीत 'महास्फोट' करून आणखी दारूगोळा भरला. याच हॉईलचे विद्यार्थी आपले नारळीकर. सगळं जग एका बाजूला गेलं तरी ते शेवटपर्यंत महास्फोटावर शंका काढत राहिले. पुरावा त्यांच्या बाजूने नव्हता असं मला वाटतं, पण माणूस ताठ होता.

महास्फोटाचा पुरावा कसा सापडला ते वाचताना तुमच्या वाड्याची गच्ची आठवली. रविवारी सकाळी रामायणाच्या वेळेला नेमका कावळा अँटेनावर बसायचा आणि पडद्यावर मुंग्या. मी वर अँटेना फिरवतोय, तू जिन्यात, काकू खालून ओरडतायत, "आलं, आलं... गेलं!"

अमेरिकेत न्यू जर्सीत 1964 साली पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांचं हेच चाललं होतं, फक्त कावळ्याऐवजी कबुतरं. त्यांच्या कर्ण्यासारख्या भल्यामोठ्या अँटेनात एक खरखर यायची. दिवसा, रात्री, कुठल्याही दिशेला वळवली तरी तेवढीच. आत कबुतरांनी घरटं केलेलं. ती पकडून लांब पाठवली, तर परत हजर! विष्ठा खरवडून काढली, तरी खरखर जाईना. ती जाणार कशी? विश्व जेमतेम 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना सुटलेला तो प्रकाश, 1380 कोटी वर्षं ताणला जाऊन डोळ्यांना न दिसणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी झालेला. तापमान शून्याखाली 270 अंश. 1978 साली दोघांना नोबेल मिळालं.

आणि आता ऐक. जुन्या टीव्हीवर स्टेशन लागलं नसताना ज्या मुंग्या दिसायच्या ना, त्यातला साधारण एक टक्का भाग याच प्रकाशाचा असायचा, असं सांगतात. बाकी इकडचा तिकडचा कचरा. म्हणजे राम-सीता गेल्यावर आपण डब्याला थपडा मारत होतो, तेव्हा समोर काय चाललं होतं बघ!

आता सेट-टॉप बॉक्स. सिग्नल गेला की निळा पडदा आणि रिचार्ज करा म्हणून सूचना.

तुमच्या माळ्यावरचा तो लाकडी शटरचा टीव्ही अजून आहे का? काकूंना म्हणावं, भंगारवाल्याला देऊ नका. दिवाळीत येतोस तेव्हा खाली काढू. लागला तर लागला, नाहीतर थपडा आहेतच.

तुझाच,
बाळ्या