आधी हे वाच, मग बॉक्सात हात घाल

देवगड, 18 मे

बंड्या,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर सांगायला गेलो तर दर दोन मिनिटांनी रेंज जाते, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू "ओके" टाकून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहून बॉक्समध्ये सगळ्यात वर ठेवतोय.

तर काकांचा थोरेन्स, तो रेकॉर्ड प्लेअर, येतोय एकदाचा तुझ्याकडे. टीडी 160, काका बोटीवर असताना घेऊन आलेले. इथल्या खाऱ्या हवेत अजून एक पावसाळा काढायला लावायचा नव्हता मला, जूनच्या आत घाट चढला पाहिजे असं ठरवलंच होतं, पण पॅकिंगला चार दिवस गेले. तू म्हणशील चार दिवस काय करत होतास, तर ऐक.

गेल्या वर्षी मी मुंबईहून जुना अ‍ॅम्प मागवलेला आठवतोय ना? बॉक्सला बाहेरून साधा ओरखडा नव्हता, मी खुशीत उघडला, आणि आत ट्रान्सफॉर्मर चेसिसमधून, म्हणजे धातूच्या सांगाड्यातून, उखडून बोर्डावर आडवा पडलेला. कुणीतरी बॉक्स आपटला असणार, चेसिस जागीच थांबलं पण तो किलोकिलोचा लोखंडी गोळा कशाला थांबतोय. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की बाहेरचा धक्का निमित्ताला असतो, वस्तूचा जड भागच तिच्या नाजूक भागाचा जीव घेतो. आंब्याचं तेच की रे. खालचा आंबा चेपतो तो वरच्या आंब्यांनी. आबा पेटी भरून झाली की दोन्ही हातांनी हलवून कान लावायचे, "पेटी हलयली तर आंबो हलाक नाय होयो".

म्हणून पहिलं काम, जड ते सगळं सुटं केलं. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, दोन भागांत आहे, आतला आणि बाहेरचा, मिळून तीन किलोच्या वर. हे जागेवर ठेवून पाठवलं की घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला खालच्या बेअरिंगवर हातोडा बसल्यासारखं होतं. दोन्ही काढून फोममध्ये गुंडाळून बॉक्सच्या तळाशी ठेवलेत. बेअरिंगच्या भोकात तेल आहे, त्यावर चिकटपट्टी मारलीये, ती काढायला विसरू नकोस. टोनआर्मचं, म्हणजे सुईच्या दांड्याचं, मागचं वजन काढलंय, सुई बसते ती कार्ट्रिज पण, सुईला टोपी घालून वेगळ्या डबीत. टोनआर्म स्टँडला मऊ सुती नाडीने बांधलाय, रबर लावलं नाही कारण इथल्या उकाड्यात रबर वितळून चिकटतं.

आता मेन भानगड. या मॉडेलमध्ये आत अजून एक चेसिस आहे, तीन स्प्रिंगांवर तरंगणारं, टोनआर्म आणि प्लॅटर दोन्ही त्याच्यावर. ते जागेवर धरायला कंपनीचे ट्रान्झिट स्क्रू असतात, पण काकांनी ते कुठे टाकले देव जाणे. मग खालचं झाकण खोलून फोमचे तुकडे कापून चारी बाजूंनी खोचलेत. लाल दोरा बांधलाय प्रत्येकाला, एकूण सात आहेत, सात मोजूनच बाहेर काढ, एक जरी आत राहिला तर स्प्रिंग अडकेल आणि तू मला शिव्या घालशील.

झाकण अ‍ॅक्रिलिकचं, ते वेगळं. बबल रॅप थेट लावला तर उन्हात तापून गोल गोल ठसे उठतात, म्हणून आधी आबांचं जुनं धोतर गुंडाळलंय, मग बबल. आई ओरडली धोतरावरून. परत पाठव रे बाबा ते.

भरायला पेंढा वापरणार होतो, आंब्याचा सीझन संपत आलाय, घरभर पेंढाच पेंढा. पण आंब्याला हवा लागते म्हणून पेंढा चालतो, इथे त्याचा भुसा बेअरिंगमध्ये गेला असता, आणि ओल धरतो ते वेगळंच. थर्माकोलचे दाणे पण नको वाटले, प्रवासात खाली बसतात आणि वर पोकळी होते. शेवटी जुन्या गादीचा फोम आणि थर्माकोलच्या शीट. बॉक्समध्ये बॉक्स, मधे सगळीकडून 5 सेंटीमीटर. मग आबांसारखा हलवून कान लावला. गप्प होता.

वर "काच" लिहिलेलं हमाल वाचत नाहीत, म्हणून मोठ्या अक्षरात "भाऊ, आत काकांची आठवण आहे, सावकाश" असं लिहिलंय. लक्झरीच्या क्लीनरने ते वाचलं आणि डिकीत सगळ्यात वर ठेवतो म्हणाला, बघू.

आल्या आल्या प्लग लावू नकोस. आठ तास तरी खोलीत पडू दे, नंतर जोड. प्रत्येक स्टेपचे फोटो काढलेत, ते मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेत.

आणि तू मला तुझा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पाठवणारेस ना, मग हा बॉक्स फेकू नकोस, तोच वापर. व्हॉल्व्ह, त्या काचेच्या नळ्या, सगळे काढून, नंबर घालून, एकेक वेगळा गुंडाळ. आत हात घालू नकोस, बंद केल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात, शॉक बसेल. पायांवर उभाच ठेव आणि ट्रान्सफॉर्मरच्या चारी बाजूंना घट्ट फोम भर, माझ्यासारखं व्हायला नको.

स्क्रू आणि बेल्ट झिपच्या पिशवीत, पिशवी झाकणाच्या आतल्या बाजूला धोतरात. आणि झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावरचा ओरखडा माझा नाही, काकांच्या वेळचा आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
बाळ्या