‘ब्रेक्स’च्या पुढचा शब्द

संपादक महोदय,

नागपूरहून रात्रीची विमाने वाढवा, अशी मागणी या सदरात अधूनमधून वाचतो. जरूर वाढवा. नागपूरला रात्रीच्या विमानांचे अप्रूप नाही. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमाने मध्यरात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर जमायची आणि थैल्या बदलून परत जायची. मला बोलायचे आहे ते विमानाच्या पोटाखाली उभ्या माणसाबद्दल. बरीच वर्षे तो मीच होतो.

पुशबॅकला, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलताना, खालून वायरने वैमानिकाशी बोलतो तो हेडसेटवाला. ढकलून झाले की वैमानिक ‘ब्रेक्स सेट’, म्हणजे ब्रेक लावले, असे म्हणतो, मगच टो-बार, म्हणजे विमान ट्रॅक्टरला जोडणारा दांडा, काढायचा. एकदा जानेवारीच्या पहाटे, धुक्यात, वायर खरखरत होती. ‘ब्रेक्स’ ऐकले, पुढे ‘सेट’ की ‘रिलीज्ड’ (सोडले), कळेना. दिवसा वर बघितले असते, वैमानिकाची मूठ मिटलेली दिसली की ब्रेक लागले. रात्री कॉकपिटमध्ये अंधार, काचेवर एप्रनच्या, म्हणजे विमाने उभी राहतात त्या आवाराच्या, दिव्यांची चकाकी. टो-बारला हात घातलेल्या पोराला मी थांबवले, पुन्हा विचारले. वरून जरा चिडूनच ‘सेट’ आले. चिडू दे. ब्रेक नसताना टो-बार निघाला तर विमान उताराने निघते आणि चाकापाशी आम्हीच असतो.

वहीत तक्रार लिहिली. ‘थोडी तर चालते ना?’ असे उत्तर मिळाले. वायर आठवडाभर तीच. विमानाला इशारे करायच्या दिव्याच्या दांड्यांचे, वॉन्डचे, सेल तर आम्ही वर्गणी काढून आणायचो.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना आणि टॉवरवाल्यांना २००८ पासून इंग्रजीची ठराविक पातळी गाठावी लागते. हेडसेटवाल्याला ती अट नाही. नसू द्या, पण लागणारी दहा-बारा वाक्ये तरी घोटून घ्या. नवीन कंत्राटी पोरं प्रत्येक गोष्टीला ‘ओके सर’ म्हणतात. १९७७ मध्ये टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर धावपट्टीवर दोन विमाने धडकली; टॉवरचे ‘ओके’ तेवढे वैमानिकापर्यंत नीट पोहोचले, पुढचे ‘थांबा’ रेडिओच्या किंचाळीत बुडाले. ५८३ माणसे गेली.

हजेरीवर सही करण्याआधी हेडसेट आणि वॉन्ड तपासायला पाच मिनिटे लागतात. ती द्या. ऐकलेले शब्द दोघांनीही परत म्हणावेत. आणि वैमानिक साहेबांनी रात्री हात दाखवताना कॉकपिटचा दिवा लावावा. खालून खरंच काही दिसत नाही.

एक निवृत्त रॅम्प कर्मचारी,
जयताळा, नागपूर