आईसाठी धावलेल्या त्या दोघींना

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. ते गेले आणि आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडलं. लष्कराच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तुम्ही दोघी समाजसेविका डिचोलीला आमच्या घरी आलात. फाइल लगेच उघडली नाहीत. आईजवळ बसून बाबांच्या बदल्यांच्या, बिऱ्हाडांच्या गोष्टी ऐकल्यात. मग प्रतिज्ञापत्र, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं, लष्करी निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर हयातीचा दाखला (तो दर वर्षी द्यावा लागतो, हेही तुम्हीच सांगितलंत), माजी सैनिकांसाठीच्या, २००३ पासूनच्या ईसीएचएस उपचारयोजनेचं कार्ड. तिची झोप उडाल्याचं आम्हा मुलांआधी तुम्ही ओळखलंत, समुपदेशकाकडे नेलंत. हे कोणत्या अर्जात असतं? नावं नकोत म्हणालात, म्हणून लिहीत नाही. मनापासून आभार. चवथीला नेवऱ्या खायला नक्की या, आईने बजावलंय.