तुझी माशी उजनीत पोहोचली

उजनीकाठ, ता. करमाळा, जि. सोलापूर
१८ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि. असं लिहिणार होतो, पण मी तुला नमस्कार घातला तर तू म्हणशील मास्तराला काहीतरी झालं. फोनवर तू बर्फ दाखवतोस, मी ऊस दाखवतो, तेवढ्यात रेंज जाते आणि मुद्द्याचं बोलणं राहून जातं. तुझा पुतण्या पुढच्या आठवड्यात परत चाललाय, म्हणून हे कागद त्याच्या हाती देतोय. वहिनींना वाचून दाखव, पण कानाचा भाग गाळून.

दिवाळीत तुझ्या पोराने पुण्यात ठेवलेलं ते नळकांडं एस.टी.ने घेऊन आलो. कंडक्टर दोनदा बघून गेला. भिगवणच्या पुढे न राहवून म्हणाला, "आबा, बंदूक हाय का?" मी म्हटलं, मासे धरायची काठी आहे. तेव्हापासून जेऊरपर्यंत अख्खी गाडी माझ्याकडे दयेने बघत होती. धरणाच्या काठावर राहणारा माणूस मासे धरायला अमेरिकेची काठी मागवतो, म्हणजे काय समजायचं लोकांनी?

घरी उघडली. चार तुकडे, जोडले की नऊ फूट, आणि वजन पळीएवढंसुद्धा नाही. हिने हातात घेऊन विचारलं, "याने जाळी तरी निघतील का कोपऱ्यातली?"

शिकताना जे हाल झाले ते सांगतो. आपल्या गळाला शिसं बांधतात, त्या वजनाने दोरी लांब जाते. तुझी माशी म्हणजे गळावर पिसं बांधून केलेला खोटा किडा, तिला वजनच नाही, फुंकर मारली तर उडेल. वजन सगळं त्या जाड पिवळ्या दोरीत. म्हणजे फेकायची दोरी, माशी आपली नवरीमागून करवली जावी तशी मागोमाग जाते. हे समजायला मला चार दिवस लागले. माझ्या हाताला दोनच फेकी ठाऊक, गोफण आणि आसूड. गोफण थांबत नाही आणि आसूड कडाडल्याशिवाय बैल हलत नाही. मी दणकून आसूड ओढायचो, कडाड् आवाज यायचा, आणि टोकाची माशी गायब. तू दिलेल्या सहापैकी तीन अशाच गेल्या. चौथी मागच्या वेड्या बाभळीने घेतली, ती अजून तिथेच आहे, सुगरणीच्या शेजारी.

पाचवी कानात गेली. हस. उजव्याच कानात. १९६७ साली तू भीमेच्या डोहावर गळ मागे झोकला होतास, तो ज्या पाळीत घुसला तीच पाळी. तू बजावून सांगितलं होतंस, गळाच्या टोकाशी जो उलटा दात असतो तो पक्कडीने चेपून टाक, म्हणजे माशालाही त्रास नाही आणि आपल्यालाही. ऐकलं कोणी? दवाखान्यात डॉक्टरांनी टोक पुढे ढकललं, दात कापला आणि मग गळ मागे ओढला. बाहेर बाकावर माझे दोन माजी विद्यार्थी बसले होते. संध्याकाळपर्यंत गावात झालं, मास्तर स्वतःच गळाला लागले.

आता फेक येते. म्हणजे तीस फूट. तू म्हणाला होतास तेच खरं, दोरी मागे गेली की थांबायचं, ती पाठीमागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे आणायची. तो जो क्षणभर थांबा आहे ना, तोच जमत नव्हता. दोरी मागे असते, दिसत नाही, आणि हाताला घाई. शेवटी मी मनात "येळकोट" म्हणायला लागलो. "येळ"ला मागे, "कोट"ला थांबा, "जय मल्हार"ला पुढे. तिकडच्या गोऱ्यांना शिकव हे.

माश्या संपल्यावर स्वतः बांधायला बसलो. आपल्या तांबड्या कोंबड्याच्या मानेवरची पिसं घेतली. मानेवरचीच, ती ताठ असतात आणि पाण्यात चिपकत नाहीत. हिच्या जुन्या इरकलीच्या पदरातून हिरवा रेशमी धागा ओढला, विचारून (दुसऱ्या दिवशी विचारून). गळ पक्कडीत धरला, पक्कडीच्या दांड्या सुतळीने आवळून पक्कड उखळाला बांधली. धागा गळाच्या मानेपासून मागे गुंडाळत न्यायचा, पीस देठाकडून अडकवायचं, मग पीस गोल फिरवलं की त्याचे केस चहूकडे उभे राहतात, कीटकाच्या पायांसारखे. शेवटच्या गाठीवर नातीचं नेलपॉलिश. मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं लख्ख दिसतं, पण जवळचा धागा चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे पहिली माशी ही माशी कमी आणि झाडलोटीत सापडलेली वस्तू जास्त वाटत होती. चिलापी मासळीला मात्र ती आवडली.

हो, लागली! नोव्हेंबरात. यंदा पावसाळ्यात धरण तुडुंब, पाणी पार आपल्या उसाच्या बांधाला टेकलेलं. (सप्टेंबरात सीनेने काय केलं ते तू बातम्यांत पाहिलंच असशील. आम्ही भीमेच्या अंगाला म्हणून वाचलो, पण धाकटीच्या सासरचा गोठा गेला. त्यावर आता लिहीत नाही.) सकाळी सात-साडेसात, वारा नाही. बुडालेल्या हिवराच्या झुडपापाशी माशी टाकली. बसली ती अशी, की पाण्यावर चिमूटभरच वलय. मी दोरी बोटाबोटाने ओढतोय आणि एकदम दोरी जड झाली. ओढ नाही, नुसती जड, जसा कोणी पलीकडून हात धरावा. मग सुटली ती आडवी, काठी धनुकलीसारखी वाकली आणि माझे गुडघे, जे जिना चढताना बोंबलतात, ते चिखलातून आपोआप तिच्या मागे चालले. वीतभर चिलापी. पाठीचे काटे उभे, गळ्याखाली तांबूस छटा. ओल्या हाताने धरली, गळ काढला आणि सोडून दिली. तू सांगितलंस म्हणून.

घरी सांगितलं, तर हिचं उत्तर: "हातात आलेली सोडली? आणि पिसांसाठी माझा कोंबडा भुंडा केला!" दुसऱ्या वेळी दोन घरी आणल्या. काळं तिखट, लसूण, सुकं खोबरं भाजून कालवण, आणि मालदांडी ज्वारीची भाकरी. तुमची ती सोडून द्यायची रीत चांगली आहे, मी चारात तीन सोडतो, पण या कालवणापुढे तिचा आग्रह धरू नकोस.

इथे एक पोरगा रोज थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं टाकतो. मी शिकवलेल्याचा मुलगा. तो म्हणतो, "गुरुजी, एका माशासाठी येवढी कसरत?" त्याने एकदा जाळ्यातली चिलापीची मादी उचलली आणि तिच्या तोंडातून जिऱ्याएवढी पिल्लं त्याच्या तळहातावर सांडली. ती अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते, ठाऊक होतं मला, पुस्तकात शिकवलं होतं, पण बघितलं सत्तरीत. त्याने हात तसाच पाण्यात बुडवला. पिल्लं सुटली, मागून आईही. "तुम्ही बघताय म्हणून हं," असं म्हणाला. बारीक डोळ्यांची जाळी टाकून बोटाएवढी मासळी ओढणारे वेगळेच लोक आहेत, त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो या पत्रात मावणार नाही. आपण धरायचो ती वाम, तो शिंगाडा मासा आता क्वचित. जिकडे तिकडे चिलापी.

पण तिला तरी किती बोल लावू? ती आफ्रिकेची, तिला इकडे माणसांनी आणलं. तू ज्या ब्राउन ट्राउटचे फोटो पाठवतोस तो मूळचा युरोपातला, तोही अमेरिकेत नेऊनच सोडलेला. आणि आपलं गाव तर सरकारनेच उठवलं. तेव्हा गळाच्या दोन्ही टोकांना बाहेरचेच आहेत रे, इथेही आणि तुझ्या तिथेही.

मुद्द्याचं आता लिहितो. मी जिथे उभा राहून फेकतो, तिथून समोर आपलं जुनं गाव आहे. पाण्याखाली. १९८० ला धरण झालं तेव्हा तू मुंबईला होतास, सामान हलवताना तू नव्हतास. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांना टेकली होती. (मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण धरणात वजा पाणी कसं असतं हे नातीला पटवताना घाम फुटला. एकूण ११७ टीएमसी, त्यातले ६३च्या वर मृतसाठा. शून्य तिथून मोजतात.) तेव्हा मी भेगाळलेल्या चिखलातून चालत गेलो होतो. मारुतीचं जोतं उघडं पडलं होतं, घाटाच्या सात पायऱ्या, आणि आपला तो कातळ. ज्यावर बसून तू माझा कान फाडलास तो. चिखलात जागोजाग परातीएवढे गोल खड्डे होते, चिलापीच्या नरांनी उकरलेले. शाळेच्या जोत्यातसुद्धा. जिथे हजेरी व्हायची तिथे त्यांचे संसार.

मी तुला हे तेव्हा कळवलं नाही. फोटो काढले होते, पाठवले नाहीत. तू यायचं म्हणून तीनदा तिकीट रद्द केलं होतंस, मी रुसलो होतो. आता लिहितोय, फोटो सोबत आहेत.

बाकी ठीक. हुरडा सुरू आहे, वीज या आठवड्यात रात्रीची आहे, त्यामुळे थोरला उसाला पाणी द्यायला रात्री जातो आणि २०२० च्या बिबट्यापासून मी त्याला एकट्याला जाऊ देत नाही. मी काय करणार आहे बिबट्याचं, पण बॅटरी धरून बांधावर बसतो. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, सोलापूरला गेलो होतो, सातही नंदीध्वज पाहिले, गर्दीत चप्पल हरवली. बी.पी. गोळीवर आहे.

यंदा पाणी भरपूर, मेपर्यंत कातळ उघडा पडेल असं वाटत नाही. तो काठापासून सहज दोनशे फुटांवर असेल आणि माझी फेक तीस फूट. तुझी किती जाते? त्या पोराला विचारून ठेवलंय, तराफ्यावर दोन म्हातारे झेपतात म्हणाला, फक्त एकाने उभं राहायचं नाही. तिकीट काढलंस की आधी पुतण्याला सांग, मला नको सांगू. येताना चॉकलेटं आणू नकोस. माशीला बांधायची ती निमुळती बारीक दोरी आण, चार पाकिटं, इथे मिळत नाही. आणि बसताना माझ्या डाव्या अंगाला बस.

तुझाच,
मास्तर