रद्द झालेल्या अपडेटच्या भरवशावर विकलेल्या फोनबाबत तक्रार

दिनांक : ९ जुलै २०१२

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे.

विषय : २४ जून २०१२ रोजी विकलेल्या नोकिया लुमिया ८०० या फोनविषयी दिलेली खोटी माहिती आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या पुण्यातील शाखेतून मी रविवार, २४ जून २०१२ रोजी नोकिया लुमिया ८०० हा फोन रोख २३,४०० रुपये देऊन विकत घेतला. फोनमध्ये कोणताही बिघाड नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे हे पत्र सर्व्हिस सेंटरकडे वळते करण्याची वेळ येणार नाही. माझी तक्रार विक्रीच्या वेळी दिलेल्या शब्दाविषयी आहे. विंडोज फोन ८ ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम याच फोनवर दिवाळीच्या आत मोफत मिळेल, असे आपल्या विक्रेत्याने मला सांगितले आणि मी आग्रह धरल्यावर बिलाच्या पाठीमागे तसे लिहूनही दिले. प्रत्यक्षात ती मिळणार नाही, हे त्याआधी चार दिवस जगजाहीर झालेले होते.

हा आग्रह मी का धरला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मी साताऱ्यात कर सल्लागार म्हणून काम करतो. डिसेंबर २०१० मध्ये मी नोकियाचा एन८ घेतला होता. तो सिम्बियन या नोकियाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा फोन होता आणि माझ्या कामाला अगदी सोयीचा होता. अशिलाने आणलेला पेन ड्राइव्ह छोट्या केबलने थेट फोनला जोडून त्यातील कागदपत्रे जागच्या जागी पाहता येत. मी तो घेऊन जेमतेम दोन महिने झाले असतील, तोच ११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनमध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांच्या शेजारी उभे राहून, यापुढे आपल्या स्मार्टफोनची मुख्य ऑपरेटिंग सिस्टीम विंडोज फोन असेल, असे जाहीर केले. त्याच्या काही दिवस आधी त्यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेले टिपणही वृत्तपत्रांत आले होते. समुद्रातील तेलविहिरीचा फलाट पेटलेला आहे आणि त्यावरील माणसाला जीव वाचवण्यासाठी थंडगार पाण्यात उडी घ्यावीच लागणार आहे, असा दृष्टान्त त्यात होता. उडी घ्यावी की नाही हा त्यांचा प्रश्न होता. त्या फलाटावर नुकतेच पैसे मोजून चढलेल्या माझ्यासारख्यांचा उल्लेख त्या टिपणात माझ्या तरी वाचनात आला नाही.

न्यायाने बोलायचे तर कंपनीने सिम्बियन एका रात्रीत वाऱ्यावर सोडले नाही. माझ्या एन८ ला ‘अ‍ॅना’ आणि ‘बेल’ या दोन्ही सुधारणा मिळाल्या. परंतु ज्या सिस्टीमला भविष्य नाही असे तिच्या मालकानेच सांगितले, तिच्यासाठी नवी अ‍ॅप्स करण्यात कोणाला रस उरणार? वर्षभरात हा फरक मला हाताखाली जाणवू लागला. यंदा मे महिन्यात फोन पडून त्याची स्क्रीन फुटली आणि नवा घेणे भाग पडले. दुधाने तोंड पोळलेले असल्यामुळे या वेळी ताकही फुंकून प्यायचे, असे ठरवूनच मी आपल्या दुकानात आलो होतो.

काउंटरवर जे घडले ते मी शक्य तितक्या अचूकपणे लिहीत आहे. लुमिया ८०० हातात घेतल्यावर तो मला आवडला, हे नाकारत नाही. (हा साचा मुळात मीगो सिस्टीमवरच्या एन९ चा, नोकियाने मीगोला बाजूला सारले आणि तेच अंग विंडोजला चढवले. इतका देखणा फोन अशा रीतीने दुसऱ्याच्या कपड्यांत उभा राहावा, याची मला चुटपुट लागली होती, पण तो या तक्रारीचा विषय नव्हे.) वापरून पाहताना माझ्या लक्षात आले, की यातून ब्लूटूथने दुसऱ्या फोनवर फाइल पाठवता येत नाही, मेमरी कार्ड घालायला जागा नाही आणि संगणकाला जोडल्यावर तो पेन ड्राइव्हसारखा उघडत नाही, गाणी आणि छायाचित्रे हलवायलासुद्धा झून नावाचे सॉफ्टवेअर लागते. माझे निम्मे काम फाइलींची देवाणघेवाण करण्याचे असल्यामुळे मी फोन परत काउंटरवर ठेवला आणि हा आपल्या कामाचा नाही, असे स्पष्ट सांगितले.

त्यावर आपला विक्रेता म्हणाला, “साहेब, ही सगळी रड दिवाळीपर्यंतच आहे. अपोलो येतंय, ते आलं की सगळं सुटेल, आणि तुमच्या याच फोनवर फुकट मिळेल.” अपोलो हे विंडोज फोन ८ चे विकसनकाळातील सांकेतिक नाव आहे, हे मला वाचून माहीत होते. मी त्याला दोनदा विचारले, की नक्की याच फोनवर का? दोन्ही वेळा त्याने होकार दिला. लिहून द्या म्हटल्यावर त्याने बिल उलटे केले, निळ्या पेनाने “विंडोज ८ अपडेट मिळणार” असे लिहिले आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारला. शिवाय, आज नेलात तर १,५०० रुपये कमी करतो, असेही तो म्हणाला. ही सवलत नेमकी त्याच रविवारी का सुचली असावी, याचा उलगडा मला नंतर झाला.

बुधवार, २० जून रोजी मायक्रोसॉफ्टने सॅन फ्रान्सिस्को येथे विंडोज फोन ८ सादर केला आणि त्याच कार्यक्रमाच्या निमित्ताने स्पष्ट केले, की सध्या बाजारात असलेल्या विंडोज फोन ७.५ च्या (माझा लुमिया ८०० त्यातलाच) कोणत्याही हँडसेटवर तो चढवता येणार नाही. यामागचे कारण तांत्रिक आहे. आजवरचा विंडोज फोन ‘विंडोज सीई’ या गाभ्यावर, म्हणजे सिस्टीमच्या सर्वांत आतल्या मूळ भागावर, उभा होता. नवा फोन टेबलावरच्या संगणकात असणाऱ्या ‘एनटी’ गाभ्यावर उभा आहे. एकाहून अधिक कोअरचे प्रोसेसर, मेमरी कार्ड, अधिक बारकाईचे पडदे हे सारे त्या नव्या गाभ्यासोबत येणार आहे, आणि लुमिया ८०० चा प्रोसेसर एकाच कोअरचा आहे. त्यामुळे जुनी अ‍ॅप्स नव्या फोनवर चालतील; नव्या गाभ्यासाठी लिहिलेली अ‍ॅप्स मात्र माझ्या फोनवर कधीच चालणार नाहीत. म्हणजे दीड वर्षात दुसऱ्यांदा मी बंद पडणाऱ्या रस्त्यावर उभा आहे. फरक इतकाच, की पहिल्या वेळी पुढे काय होणार हे एन८ विकणाऱ्या दुकानदारालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. या वेळी आपल्या शाखेला ते ठाऊक असायला हवे होते, कारण ही बातमी दोन दिवसांत सर्वत्र छापून आली होती. मी त्या आठवड्यात अशिलांच्या कामात गढून गेलो होतो आणि ती वाचली नाही, ही माझी चूक समजा. परंतु फोन विकणे हा माझा व्यवसाय नाही.

ही गोष्ट कळल्यावर शनिवार, ३० जून रोजी मी बिल घेऊन पुन्हा शाखेत गेलो. तेथील व्यवस्थापकांनी प्रथम, कंपनीने निर्णय बदलला त्याला आम्ही काय करणार, असे उत्तर दिले. निर्णय विक्रीच्या आधीचा आहे, हे तारखा दाखवून सांगितल्यावर ते म्हणाले, की ७.८ नावाचे अपडेट मिळणारच आहे आणि ते “जवळजवळ तेच” आहे. ते तेच नाही. ७.८ मध्ये नव्या सिस्टीमसारखी दिसणारी, चौकोन लहानमोठे करता येणारी सुरुवातीची स्क्रीन मिळेल. गाभा जुनाच राहील. मी आठाची खात्री मागितली होती आणि बिलावर आठच लिहिलेले आहे. शेवटी त्यांनी बिलाच्या तळाशी छापलेल्या “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” या ओळीवर बोट ठेवले आणि बोलणे संपवले. त्याच बिलाच्या मागच्या बाजूला हाताने लिहिलेली ओळ वाचण्याची तसदी त्यांनी घेतली नाही.

माझी ही तक्रार फोन बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध नाही. नोकियाची अवस्था आज सर्वांना दिसते आहे. चौदा वर्षे जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेली ही कंपनी यंदाच्या पहिल्या तिमाहीत सॅमसंगच्या मागे पडली, आणि १४ जून रोजी तिने दहा हजार नोकऱ्या कमी करण्याचे व फिनलंडमधील सालो येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. अशा कंपनीने घेतलेली उडी तडीस जाईल की नाही, हे पाहणे तिच्या भागधारकांचे काम आहे, आणि त्या उडीत डोळे उघडे ठेवून सहभागी होणाऱ्या ग्राहकालाही मी दोष देणार नाही. मला खरी माहिती मिळाली असती, तर कदाचित मीही चार-पाच हजार रुपये कमी देऊन हाच फोन घेतला असता. नवी सिस्टीम मिळणार नाही, हे जोखून किंमत ठरवण्याची संधीच मला नाकारण्यात आली आणि उरलेला साठा माझ्या गळ्यात मारण्यात आला, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत वस्तूविषयी केलेले खोटे विधान येते, मग ते तोंडी असो वा लेखी. माझ्या बाबतीत ते दोन्ही आहे. म्हणून माझी मागणी अशी आहे, की हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत फोन, चार्जर, केबल आणि मूळ खोका ताब्यात घेऊन मला पूर्ण २३,४०० रुपये परत द्यावेत. बदली फोन किंवा पुढील खरेदीवर सवलत मला नको आहे. तसेच विंडोज फोन ७.५ चे जे हँडसेट आपल्या शाखांत अजून विक्रीला आहेत, त्यांच्याजवळ ते विंडोज फोन ८ वर जाणार नाहीत अशी मराठीत लिहिलेली पाटी ठळकपणे लावावी. ५ जुलैला माझे एक स्नेही त्याच शाखेत गेले होते, तेव्हा त्यांनाही लुमिया ७१० दाखवताना अपोलोचेच नाव सांगण्यात आले.

मुदतीत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी सातारा येथील ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज दाखल करीन आणि रकमेसोबत व्याज व खर्चही मागेन. बिलाच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत सोबत जोडली आहे. मूळ बिल माझ्याजवळच राहील.

आपला,
(सही)
कर सल्लागार, सातारा