आमची कार्डं दोऱ्यात ओवलेली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या संगणकवाल्यांच्या आठवणींवरचा लेख वाचला. चांगला जमलाय. फक्त ‘मागवाल्यांच्या सोलापुरात पंचकार्ड म्हणजे काय हे त्या काळी कुणाला ठाऊक असणार’ हे एक वाक्य काही घशाखाली उतरेना, म्हणून हे पत्र.

अहो, भोकांच्या कार्डांवर यंत्र चालवणं या गावाला बाहेरून कुणी येऊन शिकवलेलं नाही. चादरीच्या मागावर डोक्याशी जेकार्ड नावाचं नक्षीचं यंत्र असतं. पुठ्ठ्याच्या कार्डाला जिथं भोक, तिथली सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो; भोक नाही तिथला धागा जागेवरच. एक कार्ड म्हणजे धोट्याची एक फेर. फ्रान्सातल्या जाकारनं हा माग १८०४ साली बनवला, त्याच्याच नावावरून जेकार्ड. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ या अभियंत्यानं माणसं मोजली तीही भोकांच्या कार्डांवरच. संगणकाचा आजोबा म्हणतात त्या बॅबेजकडे जाकारची रेशमात विणलेली तसबीर होती, तिला २४ हजारांच्या आसपास कार्डं लागली होती. आपल्याकडं भिंतीवर टांगायच्या विणलेल्या तसबिरी कशा होतात ते शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीत कुणालाही विचारा.

माझे वडील तिथल्याच एका चादर कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. मी १९८३ साली एका सूतगिरणीच्या ईडीपी, म्हणजे संगणकावरच्या हिशेबाच्या विभागात लागलो. विभाग म्हणजे दोन पंचिंग मशिनं, एक पंखा आणि मी. खरा संगणक पुण्याला, पैसे घेऊन दुसऱ्यांची कामं यंत्रावर करून देणाऱ्या एका सर्व्हिस ब्युरोत. पगाराची कार्डं इथं पाडायची, खोक्यात भरायची, रात्रीच्या गाडीनं न्यायची आणि पगारचिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन परतायचं. दिवसातून एकदा यंत्रावर नंबर लागायचा. प्रोग्रॅम लिहायच्या कोबोल भाषेत एक पूर्णविराम राहिला तर पानभर चुका छापून यायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ब्युरोच्या बाकावर बसणं आलं. म्हणून आधी कागदावर, पेन्सिलीनं, आपणच संगणक होऊन प्रोग्रॅम चालवून बघायचा. त्याला ड्राय रन म्हणत. मला तर शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोळ नको म्हणून शून्याला काट मारायची इतकी सवय जडली, की पुढं किराणावाल्याच्या उधारीच्या वहीतही मी काट मारू लागलो. तो बिचारा रक्कम रद्द समजला.

पहिल्या खेपेच्या आदल्या रात्री वडिलांनी खोकं उघडलं, एक कार्ड उजेडाकडं धरून बघितलं आणि तेलुगूत विचारलं, “तुमची दोऱ्यात ओवत नाहीत? पडली तर?”

जेकार्डची कार्डं एकाशी एक शिवलेली असतात, माळच ती; क्रम मोडायचा प्रश्नच येत नाही. आमची सुटी. मी शहाणपणा केला, म्हटलं, यंत्र सुटीच वाचतं. तिसऱ्या खेपेला पुणे स्टेशनच्या जिन्यावर खोकं निसटलं. प्रोग्रॅमच्या प्रत्येक कार्डावर पहिल्या सहा रकान्यांत क्रमांक टाकायला जागा असते. मी आळसानं ती कोरी सोडली होती. रात्रभर ब्युरोच्या फरशीवर कार्डं मांडून, एकेक ओळ वाचून लावली, आणि चार कार्डं तरीही चुकीच्या जागी गेली. घरी आल्यावर वडील काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला पिशवीत सुतळीची गुंडी होती. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनानं तिरकी रेघ ओढायची युक्ती मी त्यानंतर शिकलो. रेघ तुटली की समजायचं, कार्ड इकडचं तिकडं झालंय.

त्या कार्डाचे रकाने ८०. त्यात अख्खा कामगार बसवायचा. नावाला मी २० दिले. आपल्याकडची आडनाव-नाव-वडिलांचं नाव अशी लांबलचक नावं शेपटाकडून तुटायची, आणि तेवढ्यावरून पगाराच्या खिडकीशी भांडणं व्हायची. जन्मसालाला दोनच रकाने दिले. सालातल्या आधीच्या ‘१९’ ला आणखी दोन कशाला वाया घालवायचे? पुढं पीसी आला, २० एमबीची हार्ड डिस्क आली, चपला दाराबाहेर काढायचा नियम आला, पण प्रोग्रॅम तोच आणि रकाने तेच. १९९९ साली निवृत्तीची यादी २००० सालाची तारीख घालून चालवून बघितली. १९४२ चा जन्म, म्हणजे ५८ पुरी. यंत्रानं शून्यातून ४२ वजा केले, आणि उणे चिन्हाला मी जागाच दिलेली नसल्यानं वय छापलं ४२. एका कामगाराला ती यादी दाखवली तर म्हणाला, राहू दे साहेब, असंच राहू दे. दुरुस्तीला मला अडीच महिने लागले. चूक माझीच होती, १६ वर्षांपूर्वीची.

माझ्याकडं अजून एक खोकं शिल्लक आहे. दोन खोकी होती, पण एकातल्या कार्डांच्या मागे आमच्या सौभाग्यवतींनी वर्षानुवर्षं किराणाच्या याद्या केल्या. कागद जाड, शाई फुटत नाही. वडिलांच्या जेकार्डची एक माळही माळ्यावर आहे. लेखकमहाशयांनी सवडीनं यावं, दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो. शेंगाचटणी-भाकरी मिळेल. मात्र दुपारी दोन ते चार येऊ नये, ऊन फार असतं आणि मी झोपलेला असतो.

आपला,
एक जुना ईडीपीवाला,
साखर पेठ, सोलापूर

(नाव छापू नये ही विनंती. ज्यांच्या पगारचिठ्ठ्या मी छापल्या ते ओळखतीलच.)