गेममधले डायलॉग आधी मराठीत करू द्या की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जपानी शिकण्यावरचा लेख आवडला, पण "मुलांनी गेमचा नाद सोडून पुस्तकाला लागावं" हे काय पटलं नाही बघा. आमच्या इथं अक्कलकोट रोडला एन-फाईव्हची (जपानीच्या परीक्षेतली सगळ्यात सोपी पातळी) तयारी करणारी काही पोरं आहेत (परीक्षेला पुणे गाठावं लागतं, तो विषय वेगळा), ती जुन्या जपानी गेममधले डायलॉग वहीत उतरवून त्याचं इंग्रजी करतात, मी पण बसतो त्यांच्यात, हा टाइमपास नाहीये.

फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या मशीनवरचे गेम नवशिक्याला बरे पडतात, १९८६ चा ड्रॅगन क्वेस्ट अख्खा ६४ केबीत बसवलेला, त्यात कांजीला (चिनीवरून घेतलेली अर्थाची अक्षरं) जागा कुठली, सगळं साध्या काना लिपीत, म्हणजे नुसत्या उच्चाराच्या अक्षरांत. पण म्हणून सोपं असं नाही हं. 'हाना' आलं की फूल का नाक ते मागचंपुढचं बघून ठरवायचं, आणि कर्ता तर बऱ्याचदा गायबच असतो, गावातला म्हातारा नुसतं "हिगाशी ए इकिमाशिता" म्हणतो, पूर्वेला गेला, गेली, का गेलो? इंग्रजीत ही, शी, आय काहीतरी टाकल्याशिवाय वाक्यच उभं राहत नाही आणि चुकीचं टाकलं की पुढची स्टोरी फिरली. वर जागेची मारामारी, तांब्याची तलवार जपानीत सहा अक्षरात बसते, तीच 'कॉपर स्वोर्ड' स्पेस धरून बारा घरं खाते.

गेम इंग्रजीत आणणाऱ्या कंपन्यांचंही काय वेगळं नव्हतं. झिरो विंग या गेममधलं "ऑल युवर बेस आर बिलाँग टू अस" हे मोडकं इंग्रजी तर अजून मीम म्हणून फिरतंय, आणि ड्रॅगन क्वेस्ट १९८९ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा सगळी पात्रं 'दाऊ', 'दी' करत शेक्सपिअरच्या काळातलं बोलायला लागली, म्हणजे नवी पेठेतल्या दुकानदारानं गिऱ्हाईकाशी बखरीच्या भाषेत बोलावं तसं.

माझं म्हणणं एवढंच की क्लासमध्ये "मराठी मधे आणू नका, डायरेक्ट इंग्रजी करा" म्हणतात ते बंद करा. जपानीत क्रियापद शेवटी, आपलंही शेवटी, प्रश्न विचारताना ते शेवटी 'का' लावतात, आपण पण लावतो, आणि सोलापुरात घरात तेलुगू, शेजारी कन्नड असलेल्या पोराला तर ही चाल पाठच असते, त्याही भाषांत क्रियापद शेवटीच येतं ना. आधी मराठीत कच्चं करून घेतलं की कोण कोणाला काय बोलतंय ते पक्कं होतं, गेला का गेली ते तिथंच ठरवावं लागतं, मान देऊन बोलतोय का अरेतुरे तेही तिथंच कळतं, मग इंग्रजी करताना फक्त इंग्रजीशीच भांडायचं राहतं.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर दर आठवड्याला असा चार ओळींचा डायलॉग मराठी-इंग्रजीसकट छापता आला तर बघा, जागा नसेल तर राशिभविष्य जरा आखडतं घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर